ओवीचे शेपूट

गेल्या वर्षी दिवाळीच्या चार दिवस आधी मी चकल्यांचा दुसरा घाणा कढईत सोडीत होते, आणि माझा भाचा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करीत होता. अभ्यास म्हणजे कानाशी मोबाइल आणि मांडीवर वही. तो इंग्रजी घेऊन एम. ए. करतो. मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. बालशिक्षणाचा एक वर्ग पुरा करून परळच्या एका लहानशा शाळेत शिशुवर्गाला शिकविते आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. त्यामुळे घरात इंग्रजी वाङ्मयाचा विषय निघाला की मी सोऱ्या जरा जोरानेच फिरविते.

"मावशी, हे ऐक," म्हणून त्याने मोबाइल माझ्याकडे वळविला. १९२५ सालची तबकडी होती. गाणारी बेसी स्मिथ. आवाज जाड, थकलेला, पण कुणाची दयामाया मागणारा नव्हे. तिने एक ओळ म्हटली. मग तीच ओळ पुन्हा म्हटली. शब्द मला समजले नव्हते. मी इंग्रजी वाचते तेही शब्दकोश मांडीवर घेऊन. तरी दुसऱ्यांदा तीच ओळ आली तेव्हा माझा हात थांबला. आता तिसरी ओळ येणार आणि ती निराळी असणार, हे कुणी न सांगता मला कळले होते. ती आली. तोवर चकल्या करपल्या.

"अरे, ही तर आक्का!" मी म्हणाले.

भाच्याला आक्का ठाऊक नव्हती. वाचकांनाही नाही. तिच्याकडे यायचेच आहे, कारण हा लेख खरे तर तिच्या एका तक्रारीवर आहे. पण आधी भाच्याची वही पाहू. त्याला निबंध लिहावयाचा होता, 'ब्लूज संगीताचा आधुनिक इंग्रजी कवितेवरील प्रभाव'. त्या दिवाळीत फराळ कमी आणि ब्लूज जास्त, असे आमच्या घरात झाले.

ब्लूज म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांचे गाणे. १८६५ साली तिथली गुलामगिरी कायद्याने संपली, कापसाच्या शेतातले राबणे संपले नाही. त्या राबण्यातून, शेतातल्या आरोळ्यांतून, देवळातल्या भजनांतून हे गाणे उगवले. गंमत पहा, १८६१ ते ६५ च्या त्यांच्या यादवी युद्धात अमेरिकेचा कापूस अडला म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आमच्या गावची पहिली सूतगिरणी १८५४ साली ताडदेवला स्थापन झाली होती. पुढे परळ-लालबागचे आकाशच चिमण्यांनी भरले. एकाच कापसाचे एक टोक त्यांच्या हातात होते आणि दुसरे आमच्या आजोबांच्या.

गाण्याची ठेवण साधी. एक ओळ, तीच पुन्हा, आणि मग तिसरी, पहिल्या दोहोंना उत्तर देणारी, कधी कोपरखळी मारणारी. डब्ल्यू. सी. हँडी या बँडवाल्याची हकीकत मला सर्वांत आवडली. १९०३ च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर नावाच्या स्टेशनावर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहता पाहता त्याला डुलकी लागली. जाग आली तेव्हा शेजारी फाटक्या कपड्यांचा एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी दाबून गात बसला होता. हँडीने ते ध्यानात ठेवले, त्या वळणाची गाणी बांधली, १९१४ साली 'सेंट लुई ब्लूज' छापले. त्याला नाव मिळाले, पैसा मिळाला. १९४१ च्या आत्मचरित्रात त्याने ती स्टेशनावरची रात्र प्रामाणिकपणे लिहून ठेवली. फाटक्या कपड्यांच्या माणसाचे नाव मात्र त्यात नाही.

मग कवी आले. लँग्स्टन ह्यूज हा त्यांतला मोठा. १९२६ साली त्याचा 'द वेअरी ब्लूज' हा पहिला संग्रह निघाला. शीर्षकाच्या कवितेत हार्लेममधला एक पियानोवाला रात्रभर गातो. त्या कवितेत आपण लहानपणी कॅन्सासमध्ये ऐकलेल्या ब्लूजच्या ओळी आहेत, हे ह्यूजने स्वतःच पुढे सांगितले. मला ते वाचून बरे वाटले आणि थोडे लाजल्यासारखेही झाले. का ते पुढे येईल. ह्यूजने १९२७ च्या संग्रहाला एक छोटी टीप जोडली आहे. ब्लूजचा भाव बहुधा निराशेचा असतो, पण ते गायले जातात तेव्हा लोक हसतात, असे तो म्हणतो. भाच्याने त्या वाक्याखाली नुसती रेघ ओढली आणि तो पुढे गेला. मी वही परत मागून घेतली.

इंग्लंडात ऑडनने 'फ्युनरल ब्लूज' लिहिले. हे आपल्याकडच्या पुष्कळांना १९९४ च्या एका इंग्रजी चित्रपटामुळे ठाऊक आहे. त्यात प्रेताजवळ उभा राहून एक मनुष्य ते म्हणतो आणि प्रेक्षक रडतात. परंतु हे गाणे जन्मले १९३६ च्या एका नाटकात, एका बड्या मुत्सद्द्याच्या मृत्यूवरचा थट्टेखोर विलाप म्हणून. पुढे ऑडनने त्याची नाटकातली कडवी काढून नवी घातली. आज ते गंभीर चेहऱ्याने लोक मर्तिकांत वाचतात. नाव ब्लूजचे राहिले, तीन ओळींची ठेवण त्यात नाहीच, आणि हसणेही वाटेत कुठेतरी गळून पडले. त्याच ऑडनने १९३९ साली 'रेफ्यूजी ब्लूज' लिहिले, जर्मनीतून परागंदा झालेल्या, कुठेच थारा न मिळालेल्या ज्यूंवर. त्यात मात्र तीन ओळींचे कडवे आहे, आणि तिसऱ्या ओळीतला तो कडू सूरही. भाच्याचे प्राध्यापक पहिल्या गाण्यावर दोन तास बोलले आणि दुसऱ्यावर दहा मिनिटे. माझा कौल उलटा आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. मुंबईच्या गिरणगावात आलेला गडी कोकणातला किंवा घाटावरचा. बायको गावी, सासू गावी, जमिनीचा तुकडा गावी. हा एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर पाळीपाळीने झोपायचा, आणि तीच माणसे भजनाला, शक्तीतुऱ्याला, लालबागच्या हनुमान थिएटरातल्या तमाशाला जायची. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून पायी चालत मुंबईला आले, गिरणीत राबले, आणि १९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांची 'माझी मैना' ही छक्कड घ्या. गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरणाऱ्या कामगाराचे ते गाणे आहे. लावणीच्या वळणाने जाते, ठसक्यात जाते, आणि मग वळण घेऊन बेळगाव-कारवारच्या ताटातुटीकडे येते. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत ती छक्कड ऐकून लोक डोळे पुसत आणि शिट्याही मारीत. दोन्ही एकदम.

मर्ढेकरांनी १९४७ च्या 'काही कविता'त अभंग-ओवीच्या जुन्या साच्यात यंत्रयुगाचा कडवटपणा ओतला. सुर्वे मास्तर तर आमचेच. गिरणी कामगाराने उचलून वाढविलेले पोर, पुढे महापालिकेच्या शाळेत शिक्षक. १९६२ साली त्यांचे 'ऐसा गा मी ब्रह्म' निघाले. पण मला सांगावयाचे आहे ते त्यांच्या 'डोंगरी शेत' या गाण्याबद्दल. बायकांच्या मेळाव्यांतून ते इतके गायले गेले की पुष्कळांना ते लोकगीतच वाटते. म्हणजे कवीने बायकांची चाल घेतली, आणि बायकांनी गाणे परत घेऊन कवीचे नाव पुसले. कर्ज फिटल्याचा याहून सुरेख दाखला माझ्या पाहण्यात नाही.

आणि अरुण कोलटकर. मराठीत लिहिणारा आणि इंग्रजीतही तितक्याच तोलाचे लिहिणारा हा मुंबईचा कवी. १९७६ च्या इंग्रजी 'जेजुरी'ला पुढल्या वर्षी राष्ट्रकुल काव्य-पारितोषिक मिळाले. कुणीतरी एकदा त्यांना आवडते लेखक विचारले, तेव्हा त्यांनी भली लांब यादी दिली. तीत ज्ञानेश्वर, नामदेव, जनाबाई, तुकाराम आहेत, रामजोशी, होनाजी आणि पठ्ठे बापूराव आहेत, बहिणाबाई चौधरी आहेत, आणि त्याच पंगतीत रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, लेडबेली हे ब्लूज गाणारे. भाच्याच्या निबंधाला जे पाहिजे होते ते असे काळा घोड्यापाशी, घरापासून बसच्या अंतरावर सापडले. त्याने ते आपल्या निबंधात घातले. परीक्षकांनी त्यावर काय शेरा मारला ते मी विचारलेले नाही.

यादीतल्या बहिणाबाई मात्र मला झोपू देईनात. त्या १९५१ च्या डिसेंबरात वारल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. त्या बोलत आणि मुलगा सोपानदेव नि आणखी एक नातलग टिपून घेत. सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. आईच्या ओळींतल्या चार-दोन आपल्या कवितांत मिसळल्या असत्या तर जगात कुणाला कळणार होते? त्यांनी ते बाड आचार्य अत्र्यांपुढे ठेवले आणि १९५२ साली पुस्तक निघाले ते आईच्या नावावर.

आता माझी गोष्ट. ती सोपानदेवांसारखी नाही.

आक्का आमच्या चाळीत खानावळ चालवायची. आक्का नावाने हाक मारावी अशा चाळीत तिघी होत्या, आणि त्यांतली ही कोणती ते मी मुद्दाम सांगत नाही. घाटावरची. तिच्याकडे एका वेळी अठरा माणसे जेवायला होती. पहाटे साडेतीनला स्टोव्ह पेटे. पहिल्या पाळीचे डबे भोंग्याच्या आत गेले पाहिजेत. भाकऱ्या थापताना ती ओव्या म्हणे. जाते गावाकडे राहिले होते, परातीच्या ठेक्यावर भागवायचे. ओव्या तिच्याच, दोन लांब ओळी, पहिली बहुधा दोनदा, आणि मागून, भाकर तव्यावर टाकता टाकता, एक तुटके शेपूट.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला तेव्हा मी रांगत असेन. अडीच लाखांच्या घरात माणसे घरी बसली, त्यांत माझे वडील. ते साचेखात्यात होते. आक्काची अठरा माणसे उधारीवर जेवू लागली, मग एकेक गावी परतली आणि उधारी तिथेच राहिली. खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून काढून बँकेचे कर्ज मिळवून देणारे अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्येच सुरू केले होते, म्हणून आमची आक्का त्या संपातून उभी राहिली तरी. माझे लहानपण तिच्या दाराशी गेले. शाळेतून आल्यावर पहिली भाकर तिच्याकडची.

एक ओवी तिला वरचेवर यायची. ती मी इथे देत नाही, अर्थ तेवढा सांगते. पहाटेच्या भोंग्या, तू गिरणीच्या सगळ्या माणसांना हाका मारतोस. गावाकडे माझ्या लेकीने मला हाक मारली, ती तुझ्या आवाजात मला ऐकू आली नाही. आक्काची दीड वर्षाची मुलगी १९६० च्या पावसाळ्यात गावी तापाने गेली. आक्का इथे भाकऱ्या थापीत होती. निरोप पोहोचला तेव्हा सारे आटोपले होते.

२०१२ साली माझी दुसरी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्या सातव्या प्रकरणात ही ओवी आहे, नायिकेच्या तोंडी. एका साप्ताहिकातल्या परीक्षणाने प्रकरणाची फार स्तुती केली आणि लेखिकेने रचलेली ओवी काळीज चिरते असे लिहिले. 'रचलेली' हा शब्द मी वाचला. कात्रण कापून वहीत चिकटविले. पत्र मात्र लिहिले नाही. रचलेली नव्हे, ऐकलेली, एवढे एका पोस्टकार्डावर मावले असते.

पुढल्या वर्षी गणेशोत्सवात मंडळाच्या पोरांनी मला मंडपात कादंबरीतला उतारा वाचायला बसविले. मी तोच निवडला, कारण त्याने लोक रडतात हे मला ठाऊक झाले होते. रडलेही. आक्का तेव्हा ऐंशीच्या घरात होती, खुर्ची टाकून पुढेच बसली होती. तिने पदर डोळ्यांना लावला नाही. वाचन संपल्यावर मला खुणेने बोलावले.

"ववी माजी हाय न्हवं?"

"होय आक्का, तुझीच."

"मग शेपूट कुटं गेलं?"

शेपूट मला चांगले आठवत होते. दोन ओळी म्हणून झाल्या की आक्का भाकर उलटता उलटता भोंग्याला विचारायची, मेल्या, तुझा डबा कुनाकडं रं? म्हणजे इतका ओरडतोस, तर तू जेवतोस कुणाच्या खानावळीत? दारातले गडी खो खो हसायचे. आक्काही.

"ते काढलं," मी म्हणाले. "मूल गेल्याचं वाचताना मधेच लोकांना हसू आलं असतं."

"आलं असतं तर आलं असतं. मला बी यायचं. त्येच्याबिगार फुडची भाकर थापली असती व्हय मी?"

मला वाटत होते की माझा गुन्हा चोरीचा आहे, आणि मी तशी क्षमा मागायला लागले. दुसऱ्या आवृत्तीत तुझे नाव घालीन, पहिल्या पानावर घालीन, असे म्हणाले. तर ती दचकली. "नाव नगं. त्या येळंला पोर माज्या जावंपाशी हुती. तिनं लई केलं तिचं. नाव छापलंस तर म्हनंल, हिनं इतक्या सालांनी माज्यावर ठपका ठेवला. शेपूट तेवढं लाव."

नंतर किती दिवस मी यावर विचार करीत राहिले. माझे एक कविमित्र म्हणतात, लोकगीताला मालक नसतो, ते वाऱ्यासारखे; तुम्ही उगाच मनाला लावून घेता. हे मला पटत नाही. ओव्या हजारो बायकांच्या असतील, पण ती लेक एकटीची होती. उलट बाजूने पाहावे तर हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्या ओवी सांगणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांसह. कोलटकरांनी २००३ च्या 'भिजकी वही'त जगभरच्या रडणाऱ्या स्त्रियांवर लिहिले, तेही कण्णगी, हायपेशिया, नादेझ्दा अशी नावे घेऊन. बहुतेक वेळा हेच योग्य, असे मी आक्का भेटली नसती तर ठणकावून सांगितले असते. पण जिचे ऋण मानायचे तीच नाव नको म्हणत असेल तर? तिच्या ओवीत भोंग्यावर राग होता, जावेवर नव्हता, आणि हा न्याय तिने पन्नासहून अधिक वर्षे सांभाळला होता. माझ्या कृतज्ञतेने तो एका पानात मोडला असता. नाव छापल्याने माझ्याच जिवाला बरे वाटले असते, हेही काही खोटे नव्हे.

ह्यूजने १९४० साली एका कवितेत तक्रार केली आहे की आमचे ब्लूज तुम्ही उचलून नेलेत, आपल्या रंगमंचावर असे मिसळून टाकलेत की ते आमचे उरले नाहीत. आधी वाचताना मला वाटले, हे मालकीबद्दल आहे. त्याची १९२७ ची टीप पुन्हा वाचल्यावर शंका आली. लोक हसतात, असे त्याला आवर्जून का सांगावेसे वाटले? वाचणारे सभ्य लोक हे गाणे नुसते करुण करून टाकतील, याची त्याला धास्ती असणार. मी नेमके तेच केले होते. आक्काचे दुःख मला हवे होते. त्या दुःखाला टप्पल मारणारी बाई मला नको होती, कारण ती माझ्या नायिकेहून थोर होती आणि माझ्या प्रकरणात मावत नव्हती. बाई नुसती रडली की वाचक तिची कीव करतो, आणि कीव करणाऱ्याला आपण चांगले आहोत असे वाटते. परीक्षकाला तसे वाटले. मंडपाला वाटले. मलाही वाटले होते.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. तो म्हणाला, "मावशी, पण कलावंताला निवड करावीच लागते." लागते. निवड मीही रोज करते. पण काढलेली गोष्ट कुणाला अडचणीची होती, हे तपासून पाहायला काय हरकत आहे? इथे ती आक्काला अडचणीची नव्हती.

आक्का २०१६ साली गेली. खानावळीच्या खोलीत आता कुरियरवाल्याची पार्सले रचलेली असतात. समोरच्या गिरणीच्या जागी उंच इमारत आहे, आणि चिमणी तेवढी शोभेला ठेवली आहे.

यंदा श्रावणात प्रकाशकांनी कळविले की दुसरी आवृत्ती काढू, दिवाळीला आणू, दुरुस्त्या असतील तर आठ दिवसांत पाठवा. मला वाटले, एका ओळीचे काम. सातव्या प्रकरणात ओवीखाली शेपूट लिहिले आणि पान वाचले. नायिका भोंग्याला विचारते, तुझा डबा कुणाकडे, आणि पुढच्याच वाक्यात मी लिहिले होते की ती भिंतीला टेकून हुंदके देऊ लागली. जमेना. हुंदके काढले. मग त्याच्या आधीचा शेजारणींचा विलाप खोटा वाटू लागला. तो काढला, तर नवरा, जो तिला दोन पाने समजावीत बसतो, त्याला बोलायला काही उरले नाही. आठव्या प्रकरणात ती तापाने अंथरूण धरते. पण जी बाई असे विचारते ती अंथरूण धरील कशी? ती दुसऱ्या दिवशी साडेतीनला उठून पीठ मळील, आणि अठरा डबे भोंग्याच्या आत जातील.

प्रकाशकांचे दोन फोन येऊन गेले. दिवाळीला पुस्तक येत नाही. मी सातवे प्रकरण पहिल्या वाक्यापासून पुन्हा लिहावयास घेतले आहे, आणि काल रात्री भाकऱ्या कशा थापल्या जातात त्यापाशी येऊन पोहोचले आहे.